अहिल्याबाई होळकर यांचा राज्यकारभार : वरच्या वर्गांसाठी इतिहासाचा एक पाठ

थोर व्यक्तींची चरित्रे वर्गात दोन रीतींनी शिकविता येतात. पहिल्या रीतीत त्या व्यक्तीच्या गुणांची यादी फळ्यावर लिहिली जाते. धर्मपरायण, न्यायी, दानशूर, प्रजावत्सल अशी विशेषणे मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि परीक्षेबरोबर विसरतात. दुसऱ्या रीतीत त्या व्यक्तीपुढे कोणता प्रसंग उभा राहिला, त्या वेळी तिला कोणते मार्ग मोकळे होते, तिने कोणता मार्ग पत्करला आणि त्याचे फळ कोणाला मिळाले, हे प्रश्न क्रमाने विचारले जातात. या रीतीने शिकविण्यास वेळ अधिक लागतो. परंतु शिकविलेले टिकते.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा पाठ बहुधा पहिल्या रीतीने होतो. त्याचे कारण सर्वांच्या परिचयाचे आहे. शुभ्र वस्त्र, डोईवर पदर आणि हातात शिवाची पिंडी असे त्यांचे चित्र कचेऱ्यांतून व शाळांतून लावलेले असते. चित्र खोटे नाही; त्यांची शिवभक्ती सर्वमान्य आहे. तथापि तेवढेच चित्र पाहून वाढणारी मुले असे समजतात, की अहिल्याबाईंनी देवळे बांधली, घाट बांधले आणि उरलेला वेळ पूजेत घालविला. एका विस्तीर्ण प्रदेशाचा वसूल, न्याय, बंदोबस्त आणि परराज्यांशी पत्रव्यवहार अठ्ठावीस वर्षे ज्यांनी सांभाळला, त्या राज्यकर्त्या अहिल्याबाई मुलांच्या दृष्टीस पडतच नाहीत.

सातवी-आठवीच्या वर्गात हा पाठ विशेष काळजीने घ्यावयास हवा. तेरा-चौदा वर्षांची मुले ‘कशावरून?’ असे विचारू लागलेली असतात, आणि या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास विषयावरील त्यांचे मन उडते. शिवाय जिल्ह्यातील कित्येक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीला वा आठवीला संपते. पुढील वर्गासाठी शेजारच्या गावी जावे लागते, आणि त्या वळणावर काही मुलींचे शिक्षण थांबते. अशा मुलीच्या कानी पडलेला, राज्य करणाऱ्या स्त्रीचा हा शेवटचा पाठ ठरण्याचा संभव असतो. तो तिला केवळ नमस्कार करावयास शिकवितो, की हाती आलेला अधिकार स्वतः चालविणे म्हणजे काय हे समजावून देतो, हे शिक्षकाच्या मांडणीवर अवलंबून आहे.

पाठाची वेळ व पूर्वतयारी

अहिल्याबाईंची जयंती ३१ मे रोजी येते. त्या दिवशी शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. त्यामुळे जयंतीचे कार्यक्रम गावात होतात आणि वर्गात काही होत नाही. पुण्यतिथी मात्र १३ ऑगस्टला, म्हणजे ऐन सत्रात येते. त्या आठवड्यात तीन तासिका या पाठासाठी राखून ठेवाव्यात. स्वातंत्र्यदिन लागूनच येत असल्याने पाठाचा शेवट ग्रामसभेच्या निरीक्षणाने करता येतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

साधनांमध्ये हिंदुस्थानचा नकाशा व एक कालरेषा एवढे पुरेसे आहे. नकाशावर चौंडी, कुंभेर, इंदूर, महेश्वर, पुणे, काशी, गया, सोमनाथ, वेरूळ आणि परळी ही ठिकाणे मुलांकडूनच दाखवून घ्यावीत आणि त्यांत लातूर आवर्जून भरावे. कालरेषेची सुरुवात मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करावी. उदगीरचा किल्ला पुष्कळ मुलांनी पाहिलेला असतो. १७६० च्या प्रारंभी सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामाचा पराभव केला. त्या वेळी अहिल्याबाई चौतीस वर्षांच्या होत्या. एवढे सांगितले, की ही व्यक्ती पुराणातील नसून आपल्याच मातीच्या ज्ञात इतिहासातील आहे, हे मुलांच्या ध्यानी येते.

पाठभर उपयोगी पडणारे तीन प्रश्न फळ्याच्या एका कडेला लिहून ठेवावेत व तिन्ही तासिका पुसू नयेत. पहिला : अधिकार कोठून आला? दुसरा : तो कोणी चालविला? तिसरा : त्याचा लाभ कोणाला झाला आणि कोणापर्यंत तो पोचला नाही?

पहिली तासिका : अधिकार कोणाच्या हाती?

चरित्राचा पूर्वभाग थोडक्यात सांगावा. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून त्याचा जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

येथे वर्गातील एखादे मूल वजाबाकी करून ‘म्हणजे आठव्या वर्षी?’ असे विचारील. हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये. त्या काळी तशी रूढी होती, हे सांगावेच; पण ती रूढी कायद्याने बदलली, हेही त्याच दमात सांगावे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. आज ते अठरा आहे आणि २००६ च्या कायद्याने बालविवाह लावून देणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही शिक्षेस पात्र ठरविले आहे. ‘अहिल्याबाईंचेही लग्न आठव्या वर्षी झाले होते’ हे वाक्य गावातील कोणी आपल्या सोयीने वापरू नये, एवढी स्पष्टता वर्गातच व्हावी.

त्यांना पुत्र मालेराव व कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेर किल्ल्याच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. पुढील बारा वर्षे हा या पाठाचा महत्त्वाचा आणि बहुधा गाळला जाणारा भाग आहे. मल्हारराव मोहिमांवर असत आणि घरचा व प्रांताचा पुष्कळसा भार सुनेवर टाकीत. १७६५ मधील त्यांच्या पत्रांत तोफखाना, दारूगोळा व मुक्काम यांविषयीच्या सूचना अहिल्याबाईंना दिलेल्या आढळतात. मुलांना विचारावे : तोफांच्या सामग्रीची व्यवस्था सासरा सुनेला लिहून कळवितो, यावरून काय अनुमान निघते? राज्यकारभार त्यांना एके दिवशी अकस्मात मिळाला नाही, त्या तो बारा वर्षे शिकत होत्या, हे उत्तर मुले स्वतः देतात.

१७६६ मध्ये मल्हारराव आलमपूर येथे वारले. नातू मालेराव गादीवर आले. पण १७६७ मध्ये तेही आजाराने वारले. आता प्रसंग उभा राहतो, आणि शिक्षकाने येथे कथन थांबवून वर्गाला विचार करण्यास वेळ द्यावा. बेचाळीस वर्षांची विधवा. पती, सासरा व पुत्र तिघेही गेलेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले, की एक लहान मूल दत्तक घ्यावे, बाईंनी दानधर्मात काळ घालवावा आणि कारभार दिवाणांनी पाहावा. या मसलतीस रघुनाथरावांचा पाठिंबा मिळाला आणि ते फौजेसह उज्जैनकडे आले.

सूचना वरकरणी सौम्य होती. अहिल्याबाईंचा मान राहत होता, खर्चाची तरतूद होत होती, देवपूजेस वाटेल तेवढा वेळ मिळत होता. जाणार होती ती फक्त सत्ता. अहिल्याबाईंनी ती सूचना नाकारली. त्यांनी युद्धाची तयारी चालविली, अन्य मराठा सरदारांना पत्रे पाठविली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपला हक्क मांडला. पेशव्यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मग रघुनाथरावांनी आपण केवळ पुत्रशोकात सांत्वनासाठी आलो होतो असे सांगून वेळ साजरी केली, अशी हकीकत सांगितली जाते. फौजेची सरदारी तुकोजी होळकरांकडे देण्यात आली. मुलकी कारभार, खजिना व न्याय अहिल्याबाईंनी स्वतःकडे ठेविला.

हा प्रसंग मुलांनी संवादरूपाने सादर करावा. दिवाण, रघुनाथराव, अहिल्याबाई व पेशवे अशा चार भूमिका पुरतात. दिवाणाची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने आपली बाजू मनापासून मांडावी, हे पाहावे. कारण ती बाजू पटण्यासारखी वाटल्यावाचून तिच्यातील मेख कळत नाही. संवाद संपल्यावर फळ्यावरील दुसऱ्या प्रश्नाकडे वर्गाचे लक्ष वेधावे.

मग शिक्षकाने वर्तमानकाळाकडे यावे. महाराष्ट्रात पंचायत राज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. जिल्ह्यातील मुलांना महिला सरपंच पाहण्याचे नावीन्य नाही. त्याचबरोबर ‘सरपंचपती’ हा शब्दही त्यांनी ऐकलेला असतो. सही बाईंची आणि निर्णय दुसऱ्याचा, ही व्यवस्था म्हणजे दिवाणांचीच १७६७ मधील सूचना होय. कोणत्याही गावाचे वा व्यक्तीचे नाव न घेता ही तुलना वर्गापुढे ठेवावी. वर्गातील एखाद्या मुलीची आई वा आजी सदस्य असू शकते. तिला कमीपणा वाटेल अशी भाषा कटाक्षाने टाळावी. त्या मुलीने घरी जाऊन ‘सभेत तू काय बोललीस?’ असे आईला अभिमानाने विचारावे, हा या तासिकेचा हेतू आहे.

दुसरी तासिका : खासगी आणि दौलत

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलत, म्हणजे राज्याचा वसूल. त्यातून फौज व कारभार यांचा खर्च चाले. दुसरा खासगी. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली. त्यांच्यानंतर ती अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंची देशभरची देवळे, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे ही प्रामुख्याने या खासगीच्या उत्पन्नातून झाली. तुकोजींशी मोहिमांच्या खर्चावरून त्यांचे खटके उडत, ते याच हिशेबीपणामुळे.

हा भेद मुलांना पुस्तकी शब्दांनी सांगितल्यास कळत नाही. त्यांना गावातील उदाहरण द्यावे. एका सरपंचास गावात सभामंडप बांधावयाचा आहे. ग्रामनिधीत पैसे आहेत, पण ते पाणीपुरवठ्यासाठी आलेले आहेत. सरपंचाच्या स्वतःच्या शेतीचे उत्पन्न निराळे आहे. मंडप कोणत्या पैशातून बांधावा? वर्गात दोन पक्ष पडतात. वाद रंगू द्यावा आणि मग अहिल्याबाईंच्या दोन खात्यांकडे यावे. आपल्या आज्ञापत्रांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत, असे सांगितले जाते. ही परंपरा भक्तीची म्हणून मुले ऐकतात, पण तिचा अर्थ हिशेबाशीही जुळतो. राज्य दुसऱ्याचे आहे, आपण केवळ सांभाळणारे आहोत, ही तिच्यामागील भावना आहे.

यानंतर बांधकामांकडे वळावे. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पूर्ण झाले. सोमनाथचे १७८३ मध्ये, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या व परळीच्या वैजनाथाच्या जीर्णोद्धाराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. लातूरच्या मुलांना परळी दूरची नाही. कित्येकांनी आईवडिलांबरोबर वैजनाथाचे दर्शन घेतलेले असते. त्यांना विचारावे, की त्या काळी परळी कोणाच्या राज्यात होती? निजामाच्या. काशी व गया इंग्रज कंपनीच्या अंमलाखाली होत्या, सोमनाथ जुनागडच्या नबाबाच्या मुलुखात. म्हणजे ही चारही ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. परक्या राज्यात बांधकाम करावयाचे, तर तेथील सत्तेशी बोलणे, माणसे नेमणे, पैसा पोचविणे आणि पुढील खर्चाची नेमणूक करून ठेवणे ही सर्व राजकारणाची कामे होत. देवळाचे दगड मोजण्याबरोबर या कामांचीही मोजणी करावी. हा भाग शिकविताना कोणत्याही धर्माविषयी अनुदार शब्द निघू देऊ नये; अहिल्याबाईंनी हे कार्य लढाई न करता तडीस नेले, हेच वर्गात मांडावे.

विहिरी, बारवा, रस्त्यांवरील पाणपोया आणि वाटसरूंच्या निवाऱ्याच्या जागा यांविषयी लातूर जिल्ह्यातील मुलांना विशेष काही समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. पाणी नसणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवले, त्या घरांतील मुलांना सार्वजनिक विहीर हे पुण्यकर्म तर आहेच, पण राज्याचे कर्तव्यही आहे, हे लवकर पटते.

बंदोबस्ताचे एक उदाहरण अवश्य घ्यावे. माळव्यातील डोंगराळ मार्गांवर भिल्लांकडून वाटसरूंना उपद्रव होई. अहिल्याबाईंनी प्रथम पुढाऱ्यांविरुद्ध कडक उपाय योजले. परंतु तेवढ्याने न थांबता भिल्लांचा प्रवाशांकडून ‘भिलकवडी’ घेण्याचा जुना हक्क मान्य केला, पडीक जमिनी लागवडीस दिल्या आणि मोबदल्यात मार्गांचे रक्षण व चोरीचा माल शोधून देणे ही जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. ज्यांच्यापासून भय होते, त्यांनाच रखवालदार केले. केवळ शिक्षा आणि हक्कासह जबाबदारी या दोन उपायांतील फरक मुलांना शाळेच्या शिस्तीवरूनही समजावून देता येईल.

महेश्वरचा विणकाम-धंदा हे दुसरे उदाहरण. नर्मदेच्या काठी राजधानी नेल्यावर त्यांनी बाहेरून कसबी विणकर आणून वसविले. महेश्वरी साडी आजही विणली जाते. अडीचशे वर्षे टिकलेला रोजगार हे स्मारक देवळाइतकेच मोलाचे आहे, हे मुलांनी ध्यानात घ्यावे. त्याचप्रमाणे निपुत्रिक विधवांची मालमत्ता सरकारजमा करण्याऐवजी ती त्यांच्याकडे राहू देण्याचे व त्यांना दत्तक घेऊ देण्याचे त्यांचे धोरण सांगावे. विधवेच्या हातून सत्ता काढून घेण्याचा प्रयत्न त्यांनी स्वतः अनुभवला होता. त्या अनुभवाचा या धोरणाशी संबंध असेल काय, असा प्रश्न वर्गाला टाकावा व उत्तर मोकळे ठेवावे.

तिसरी तासिका : ऐकीव, लेखी आणि मर्यादा

अहिल्याबाईंविषयी मुलांनी घरी ऐकलेल्या गोष्टी प्रथम सांगवून घ्याव्यात. बहुतेक वर्गांत एक गोष्ट हमखास निघते : मालेरावांच्या रथाखाली गाईचे वासरू मेले, म्हणून अहिल्याबाईंनी पुत्रालाच रथाखाली देण्याचे फर्मावले आणि गाय आडवी आली. ही गोष्ट सांगणाऱ्या मुलाचा उपहास होता कामा नये. मात्र तमिळ प्रदेशात अशीच गोष्ट एका प्राचीन चोळ राजाविषयी शेकडो वर्षे सांगितली जाते, हे शिक्षकाने त्यानंतर सांगावे. एकच गोष्ट इतक्या दूरच्या दोन राज्यकर्त्यांविषयी कशी, याचा विचार मुलांनी करावा. लोकांना न्यायी वाटलेल्या राज्यकर्त्याभोवती न्यायाच्या कथा जमतात. कथेवरून प्रसंग सिद्ध होत नाही; लोकांची श्रद्धा मात्र कळते.

मग लेखी साधनांचा परिचय द्यावा. अहिल्याबाईंची व होळकर घराण्याची पत्रे उपलब्ध आहेत. महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापून प्रसिद्ध झालेली आहेत. १८१८ नंतर माळव्यात आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने त्यांच्याविषयी चौकशी केली आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात ती नोंदविली. होळकरांच्या आश्रितांची साक्ष पक्षपाती असेल, या शंकेने त्याने इतरांकडेही विचारपूस केली होती. जिंकणाऱ्या पक्षाच्या अधिकाऱ्याने केलेली स्तुती अधिक विश्वसनीय मानावी की कमी, यावर मुलांत दोन मते होतील. दोन्ही ऐकून घ्यावीत.

छापलेले सर्वच खरे नसते, हेही येथे दाखवून देता येते. परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी १७०६ मध्ये केला, असे काही ठिकाणी छापलेले आढळते. फळ्यावर हे वर्ष लिहून ‘यात काही खटकते काय?’ एवढेच विचारावे. कालरेषेकडे पाहून मुले क्षणात हात वर करतात, कारण त्या वेळी अहिल्याबाईंचा जन्मही झालेला नव्हता. पुस्तकातील चूक स्वतः शोधून काढण्याचा आनंद एकदा मिळाला, की तारखांची भीती उरत नाही.

शेवटी मर्यादांचा विचार करावा. शिक्षक पुष्कळदा हा भाग टाळतात, कारण त्यामुळे आदर कमी होईल असे त्यांना वाटते. मुलांचा अनुभव याच्या उलट आहे. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनविले. पण तिचा नातू आणि अहिल्याबाईंचा वंश असे जे काही मागे राहिले असते ते सर्व आधीच सरले होते. मुक्ताबाईंचा मुलगा वारला होता आणि आता पतीही गेला. मुक्ताबाई ऐकल्या नाहीत. ज्या स्त्रीला सासऱ्याने चितेपासून परत फिरविले, जिच्या शब्दाने प्रांताचा कारभार चाले, तिला आपल्या मुलीला वाचविता आले नाही. राज्यकर्त्याच्या अधिकारापेक्षा रूढीचे बळ कधी कधी मोठे ठरते, याचे याहून करुण उदाहरण सापडणे कठीण. सतीची चाल इंग्रज मुलुखात कायद्याने बंद होण्यास १८२९ साल उजाडावे लागले.

त्याचप्रमाणे जे त्यांनी केले नाही, ते त्यांच्या नावावर घालू नये. उत्साहाच्या भरात काही वक्ते त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या असेही सांगून जातात. पुण्यात सावित्रीबाई व जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये, म्हणजे अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर त्रेपन्न वर्षांनी. प्रत्येकाचे श्रेय ज्याचे त्याला दिल्याने कोणाचेही मोठेपण कमी होत नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी अहिल्याबाई वारल्या. तोवर त्यांनी केलेले कार्य कोणत्याही भरीवाचून पुरेसे मोठे आहे.

एक सूचना वर्गाच्या वातावरणाविषयी. होळकर घराणे धनगर समाजातील होते आणि त्या समाजाला अहिल्याबाईंचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. परंतु पाठाच्या वेळी वर्गातील ठरावीक मुलांकडेच पाहून बोलू नये, भाषणे त्यांनाच देऊ नयेत. काशीचा घाट बांधताना वा पाणपोई घालताना पाणी पिणाऱ्याची जात त्यांच्या वारशाचा भाग कशी ठरेल? सर्व मुलांना हा वारसा सारखाच मिळावा.

उपयोजन

वरील तीन प्रश्न अन्य चरित्रांनाही लावून पाहावेत. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड या सयाजीराव महाराजांच्या पत्नी. राज्य त्यांच्या नावाने नव्हते. परंतु स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या त्या एक लेखिका होत्या, आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट १९३३ ते १९४५ या काळात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी होत्या. पती वारल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा या नात्याने त्यांनी १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या कामात प्रमुख भाग घेतला. तिघींच्याही वाट्यास प्रथम जे स्थान आले ते सासरच्या घरामुळे. त्या स्थानाचे त्यांनी पुढे काय केले, हे तीन स्तंभांचा तक्ता करून मुलांनी लिहावे. अहिल्याबाई प्रत्यक्ष राज्य करीत होत्या आणि इतर दोघी प्रभावाने काम करीत होत्या, हा फरक तक्त्यात उमटला पाहिजे.

दुसरा उपक्रम गावातील. १५ ऑगस्टच्या सुमारास गावोगाव ग्रामसभा भरते. तिच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही आहे. वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने मुलांनी सभा मागे बसून पाहावी आणि केवळ तीन गोष्टी टिपाव्यात : किती स्त्रिया आल्या, किती बोलल्या, आणि कोणता खर्च वाचून दाखविण्यात आला. माणसांची नावे लिहू नयेत, टीकाटिप्पणी करू नये. दुसऱ्या दिवशी वर्गात या टिपणांवर दहा मिनिटे बोलणे व्हावे.

मूल्यमापन

पाठ साधला की नाही, हे सनावळ्या विचारून कळत नाही. पुढील प्रश्न द्यावेत. दिवाणांची सूचना मान्य केली असती, तर अहिल्याबाईंचे नाव कशासाठी उरले असते? खासगी व दौलत ही दोन खाती एक झाली असती, तर कोणाचे नुकसान झाले असते? भिल्लांविषयीच्या धोरणाचा कोणता भाग योग्य वाटतो व कोणता नाही? अहिल्याबाईंविषयी ऐकलेली एक गोष्ट लिहून ती खरी की नाही हे कशावरून ठरवाल? उत्तरे चार-पाच ओळींची असावीत आणि प्रत्येक उत्तरात ‘कारण’ हा शब्द यावा, एवढी अट पुरे. भिन्न मत मांडणाऱ्या विद्यार्थ्याने कारण नीट दिले असल्यास त्याला पूर्ण गुण द्यावेत.

भिंतीवरील चित्र काढून ठेवण्याची गरज नाही. तिसऱ्या तासिकेच्या अखेरीस त्याच चित्राखाली मुलांनी तयार केलेली कालरेषा लावावी आणि ती वर्षभर राहू द्यावी. पिंडीपुढे नतमस्तक होणारे हात वसुलाच्या कागदावरही फिरत होते, तोफखान्याची मोजदाद ठेवीत होते आणि अधिकाराचा शिक्का दुसऱ्याच्या हाती देण्यास नकार देत होते, हे त्या दोहोंकडे एकत्र पाहताना मुलामुलींना रोज दिसत राहील. आठवी उत्तीर्ण होऊन शाळेचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलीला एवढी शिदोरी देणे कोणत्याही शाळेच्या आवाक्यातील आहे.